बसच्या मागे ट्रॉली जोडताना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



इथे पाण्याच्या माठाशेजारी लोखंडाचा एक तुकडा ठेवला आहे. सकाळपासून तो पुष्कळांनी उचलून पाहिला. एका काकांनी तर विचारलं, ही वखराची पास कुठल्या भात्यावरची? ती पास नाही. आमच्या जुन्या बसच्या मागे ट्रॉली ओढायला आम्ही स्वतः बनवलेल्या हूकची ती पट्टी आहे. २०१८ च्या डिसेंबरात बुलढाण्याच्या राजूर घाटात ती तुटली. कापसाच्या भावावर बोलणारे आमच्यानंतर आहेत. आम्हाला या पट्टीवर बोलायचं आहे, कारण आज मैदानात उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागे असलेच हूक आम्ही येताना मोजले, आणि मोजता मोजता थांबलो.

एका जिनिंगमध्ये कामगारांची ने-आण करणारी बस निकालात निघाली, ती आम्ही सातजणांनी वर्गणी काढून घेतली. पुढची बाकं ठेवली, मागची काढून तिथे झोपायच्या फळ्या, एक पत्र्याचं कपाट आणि स्टोव्हचा ओटा केला. बैठकीला गेलं की रात्री कुणाच्या ओसरीवर पडायचं, हा प्रश्न मिटला. बाकं कमी केल्याची नोंद आरटीओत करून घेतली, तिथवर आमचं सगळं सरळ होतं. पण मंडपाचं कापड, सतरंज्या, डेगी आणि जनरेटर बसमध्ये मावेनात. मग दोन चाकांची ट्रॉली मागे लावायची ठरली.

हूक एका दुपारीत झाला. गावातल्या वेल्डरला आम्हीच बोलावलं, आम्हीच त्याच्या डोक्यावर उभं राहून 'लाव इथंच' म्हणून सांगितलं. बसच्या शेवटच्या आडव्या पट्टीला एक पट्टी वेल्ड केली, तिला २८ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि पिन म्हणून घराच्या स्लॅबमधून उरलेली २० मिलिमीटरची सळई वाकवून घातली. वर्षभर सगळं नीट चाललं. त्या वर्षभरानेच आम्हाला फसवलं.

मलकापूरकडून मोताळ्यावरून वर चढताना, घाटाच्या दुसऱ्या वळणावर, मागे धाडकन आवाज झाला. ट्रॉली सुटली, उलटी घरंगळली आणि नालीच्या कठड्याला आदळून आडवी झाली. डेगी सांभाळायला ट्रॉलीत आमचा एक सहकारी बसला होता. त्याला तिथे बसायला कोणी सांगितलं? आम्ही. त्याचा उजवा पाय मांडीत मोडला. मागून दुचाकीवर एक जोडपं येत होतं, ते हातभर अंतराने वाचलं. पुढच्या जूनमध्ये त्याच्या दहा एकरांत पेरणी त्याच्या बायकोने आणि मुलीने केली. आजही डवऱ्यामागे त्याला अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही. तो इथे समोरच बसला आहे. त्याचं नाव घेत नाही, त्यानेच नको म्हटलं. बोला मात्र असं त्यानेच सांगितलं.

आता ती पट्टी हातात घ्या आणि तुटलेली कड बघा. कडेचा तीन हिस्से भाग काळा आणि गंजलेला आहे, एक हिस्सा तेवढा खडबडीत आणि चकाकणारा होता. त्याला आम्ही तेल लावून ठेवलं आहे. चकाकणारा भाग त्या दिवशी तुटला. काळा भाग कित्येक महिने आधीपासून फाटत चालला होता. त्या फटीत एक पावसाळा पाणी गेलं, गंज चढला, आणि आम्ही दर फेरीला त्याच पट्टीजवळ वाकून पिन घालत होतो. लोखंड एकदम तुटत नाही. दर खड्ड्याला, दर ब्रेकला थोडं थोडं फाटतं. सैल पिन हे काम लवकर करते. २८ च्या भोकात २० ची सळई म्हणजे दर धक्क्याला हातोडीचा एक घाव.

पण पिन हा छोटा दोष होता. मोठा दोष कळायला बस जॅकवर घेऊन खाली आडवं पडावं लागलं. आपली बंडी आठवा. बैलांची ओढ जुवावरून दांड्यांत आणि दांड्यांतून थेट आखापर्यंत जाते. साटीच्या फळीला दोर बांधून बंडी ओढायचं कोणाच्या मनातही येणार नाही. बसचा आख म्हणजे चासी, ते दोन लांब चॅनेल. आमच्या बसची मूळ चासी मागच्या कमानीच्या हँगरपासून दोनेक फुटांवर संपते. त्याच्या पुढे शेपटीपर्यंत जे आहे ते बॉडी बांधणाऱ्याने जोडलेलं पातळ चॅनेल. ते माणसांची बाकं उचलायला पुरेसं आहे, ट्रॉली ओढायला नाही. आम्ही हूक लावला होता तो त्या शेपटीला. बाहेरून रंगाखाली सगळं एकसारखं दिसतं. जोड शोधायचा तर खालून, वायर ब्रश मारून.

शेपटी लांब असली की आणखी एक गोष्ट होते. आमच्या बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १७ फूट अंतर आहे, आणि हूक मागच्या चाकांच्या साडेनऊ फूट मागे. ट्रॉलीच्या दांडीने हूकवर ९० किलो भार टाकला, तर पुढच्या चाकांवरून ५० किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर १४० चढतात. उभ्या गाडीला हे काहीच नाही. खड्ड्यात तोच भार कितीतरी पटींनी आदळतो, आणि वळणावर शेपटी बाहेर फेकली जाते तेव्हा हूकला कडेनेही पीळ बसतो.

बरं, दांडीवर भार नकोच, असं म्हणाल तर ते अधिक वाईट. उलाळ बंडी बैलांच्या मानेवरून जू उचलते. उलाळ ट्रॉली बसची शेपटी उचलते आणि वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागते. आमचा जनरेटर आम्ही ट्रॉलीच्या मागच्या टोकाला ठेवत होतो, का, तर उतरवायला सोपा. नंतर भरलेली ट्रॉली धर्मकाट्यावर नेली, वजन ९०० किलो. मग सपाट जागी चाकांना दगड लावून दांडीचं टोक कापूस मोजायच्या काट्यावर टेकवलं. टेकवलं कसलं, दोघांनी दाबून धरलं. जनरेटर चाकांच्या थोडा पुढे सरकवला तेव्हा दांडीवर ९० किलो आले. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा दांडीवर असावा, हा सर्वत्र वापरात असलेला अंदाज आहे. काटे प्रत्येक गावात आहेत. मोजायला अर्धा तास लागतो.

नवा हूक लेथवाल्याच्या आणि एका निवृत्त एसटी मेकॅनिकच्या सल्ल्याने केला. शंभर बाय पन्नासचे दोन चॅनेल शेपटीपासून पुढे नेले, मूळ चासीवर दोन फूट चढवले आणि दर बाजूला चार बोल्टांनी आवळले. बोल्ट १६ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ कोरलेले. भोकं चासीच्या उभ्या अंगात पाडली. वरच्या-खालच्या आडव्या पाकळीला भोकही पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही, चासीची ताकद तिथे असते. दोन्ही चॅनेलांत आडवी कैची दिली, कडेचा पीळ तिने घ्यावा म्हणून. वेल्डिंग नव्या भागाचं, तेही गाडीवरून उतरवून, कारण वर डिझेलची टाकी आहे आणि ब्रेकच्या हवेच्या नळ्या आहेत. पिन लेथवर बनवलेली, २५ ची, २६ च्या भोकात, आणि तिला वर-खाली दोन्हीकडे कान. पूर्वी एकच कान होता. खाली दोन साखळ्या, एकमेकींना छेदून. त्या पिनेच्या पट्टीला नाही, चॅनेलला अडकवल्या आहेत, कारण पट्टी गेली तर साखळी तिच्याबरोबर जाऊन उपयोग काय? प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटली की नट फिरला.

फट शोधायची युक्ती मेकॅनिकने शिकवली. वेल्ड घासून त्याला रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं, वरून खडू फासायचा. फट असेल तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रॉकेल नसेल तर डिझेलनेही जमतं. ही परीक्षा आम्ही जुन्या पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहिली. तिथेही दोन रेघा उमटल्या.

आता कायद्याचं. सरकार आणि आरटीओवर आम्ही इथे कमी बोललेलो नाही. पण या बाबतीत चूक आमची होती. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल मनाला येईल तसा करता येत नाही, आणि ट्रॉली ही स्वतंत्र नोंदणीची गाडी असते. आम्ही दोन्हींकडे पाठ फिरवली. अपघातानंतर विम्याच्या माणसाने पहिला प्रश्न हूकच्या मंजुरीचा विचारला आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. सहकाऱ्याच्या दवाखान्याचा खर्च आम्ही सहाजणांनी भागवला, दोघांनी त्यासाठी कापूस पडत्या भावात विकला.

नव्या हूकचे आराखडे आणि ट्रॉलीचे कागद आम्ही आरटीओत दिले आहेत. लेखी मंजुरी हाती येईपर्यंत ट्रॉली सडकेवर न्यायची नाही, असं आमच्यात ठरलं आहे. तोवर ती वावरातच ओढून बघतो आहोत. आजचा मंडप भाड्याच्या पिकअपने आणला. ट्रॉलीत आता माणूस बसत नाही, डेगी दोराने बांधतो.

जेवणानंतर बस लिंबाखाली उभी राहील. खाली सतरंजी टाकून ठेवू, बॅटरीही देऊ. ज्यांच्या गाडीला हूक आहे त्यांनी आमचा बघावा आणि मग आम्हाला आपला दाखवावा. डिझेल आणि खडू आम्ही आणले आहेत.