रोग्याची वही



रोग्याच्या खाटेपाशीं टांगलेला कागद आपण पाहिलाच असेल. त्यावर ताप, नाडी, औषधें सारें लिहिलेलें असतें. परंतु अमुक औषध कोणत्या विचारानें दिलें, हें त्यावरून क्वचितच उमगतें. ही उणीव अमेरिकेंतील डॉक्टर लॉरेन्स वीड (१९२३–२०१७) यांना खुपली. प्रयोगशाळेंतील शिस्त रुग्णालयांतील नोंदींत कां नसावी, हा त्यांचा प्रश्न होता.

१९६८ सालीं त्यांनीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें उपाय मांडला. प्रथम रोग्याच्या तक्रारींची क्रमवार यादी करावयाची. मग प्रत्येकीखालीं चार गोष्टी लिहावयाच्या: रोगी काय सांगतो, तपासणींत काय आढळलें, त्यावरून निष्कर्ष कोणता, आणि पुढें काय करावयाचें. अशा वहीवरून गुरूला शिष्याची विचारसरणी तपासतां येते. म्हणजे वही हीच पाठशाळा झाली.

पुढें व्हर्मांट विद्यापीठांत त्यांनीं ही पद्धति संगणकावर आणली. पडद्यास बोटानें स्पर्श करून नोंद करण्याची सोय तींत होती. ती यंत्रणा फारशी पसरली नाहीं. चौपदरी टिपण मात्र देशोदेशीं रूढ झालें.

वैद्यकाचें अफाट ज्ञान एका मस्तकांत मावणार नाहीं. पाठांतराचा भार यंत्रानें वाहावा व विद्यार्थ्यानें शिस्त अंगीं बाणवावी, असें वीड यांचें म्हणणें. कित्येक निष्णात वैद्यांना हें रुचलें नाहीं. यंत्रामुळें वैद्याची दृष्टि मंदावेल, ही भीति अगदींच निराधार नव्हे. परंतु ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्या रोग्यानें केवळ दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर कां विसंबावें? म्हणूनच नोंदीची प्रत रोग्याच्याही हातीं असावी, असा वीड यांचा आग्रह होता. ती मागावयास आपणही संकोच करूं नये.