ब्लिसी आणि आपला खो-खोचा संघ

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी बोलायच्या राहिलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी लगेच हो म्हटलं. नंतर विचार केला, आपल्यातल्या कित्येकांची मुलंच आता इंजिनिअरिंगला आहेत. त्यांना संधी काय असतात ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून विषय बदलला. मी आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकांवर हसू आलं ते ऐकू आलं मला. गणिताच्या तासाला मी फळ्याजवळ गेले की हेच हसू यायचं.

पोकेमॉन हे नाव आईबापांना माहीत असेल. मुलांच्या डब्यावर, दप्तरावर ते पिवळं पिल्लू असायचं, ते. या मालिकेतला पहिला गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला विक्रीला आला. तारीख नीट ऐका. त्या आठवड्यात आपण काय करत होतो? दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, '२१ अपेक्षित'ची पानं सुटी झाली होती, आणि रात्री लाईट गेली की कंदिलाशेजारी बसून मिरजेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकत पाठांतर चाललं होतं. त्या गेमचं आपल्याला चोवीस वर्षं काही कळलं नाही. मला तर नाहीच.

मला कळलं २०२० च्या पावसाळ्यात. टाळेबंदी, पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, एका खोलीत माझं ऑफिस, दुसऱ्या खोलीत मुलाची शाळा. तो तेव्हा बारा वर्षांचा. एकदा तासाच्या वेळी स्क्रीनवर भलतंच काहीतरी दिसलं म्हणून मी रागावायला गेले. बघते तर एक गुलाबी, गोलमटोल, पोटाशी अंडं धरलेली बाई. बाई म्हणजे प्राणीच, पण बाईसारखी. समोर एक अक्राळविक्राळ ड्रॅगन तिच्यावर आग ओकतोय आणि ही ढिम्म.

"ही काय करतेय?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "आई, ती मारत नाही. आणि तिला मारता पण येत नाही."

तिचं नाव ब्लिसी. रागावायचं राहूनच गेलं.

खेळ असा असतो. दोन्हीकडे सहा-सहा प्राणी, मैदानात एका वेळी एकेक. दोघांनी आपापली चाल गुपचूप ठरवायची, मग दोन्ही चाली एकदम उघडतात. आपला गडी बदलता येतो, पण बदलण्यात ती खेळी जाते आणि नवा गडी आल्या आल्या समोरचा वार अंगावर घेतो. सगळी मेख इथं आहे. समोरचा आता काय मारणार हे ओळखून, तो वार ज्याला सोसेल असा गडी त्याच क्षणी आत आणायचा.

प्रत्येक प्राण्याचे काही आकडे ठरलेले असतात. ब्लिसीचा जीव २५५, सगळ्या पोकेमॉनमध्ये सर्वांत जास्त. आग, वीज, पाणी असे दुरून येणारे हल्ले सोसण्याची ताकद १३५, म्हणजे उत्तम. पण अंगावर धावून येऊन मारलेला ठोसा सोसण्याची ताकद फक्त १०. आणि स्वतः ठोसा मारण्याची ताकदही १०. शंभराव्या पातळीवर पूर्ण तयार केलेल्या ब्लिसीचा जीव ७१४ होतो. आक्रमक प्राण्यांचा बहुधा तीनशेच्या आसपास असतो, कित्येकांचा त्याहूनही कमी. तिच्याकडे एक चाल आहे, त्यात ती आपल्या जिवाचा निम्मा भाग भरून काढते, म्हणजे एका वेळी ३५७. एखादा आक्रमक उभा-आडवा जितका असतो, तितकं हिचं एका खेळीत भरून येतं.

मारायचं म्हटलं तर तिची एकच चाल उपयोगी, जिचं नुकसान ताकदीवर नाही, पातळीवर ठरतं. शंभराव्या पातळीला बरोबर १००. ना कमी ना जास्त. सरकारी मानधनासारखं.

मग तिचा उपयोग काय? मुलानं मला हे आठवडाभर शिकवलं, आणि कधी नव्हे ते मी त्याचं ऐकून घेतलं. साथीदाराला विष चढलं, लकवा मारला, तर ती घंटा वाजवते आणि सगळ्या संघाचे आजार उतरतात. तिच्या स्वतःच्या अंगात एक गुण असा आहे की मैदानातून बाहेर आली की तिचा आजार आपोआप जातो. म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचं विष स्वतः घ्यायला तीच आत जाते. आणि एक चाल मला फार आवडली. समोरचा वार आधी अंगावर घ्यायचा, मग शेवटी स्वतः गायब होऊन आपल्या आक्रमकाला जागा द्यायची. वार होऊन गेलेला असल्यामुळं तो आक्रमक कोरा करकरीत आत येतो. टाळ्या त्याला पडतात.

आता नवशिके कुठं चुकतात ते सांगते, कारण मीही तिथंच चुकले. ब्लिसी मजबूत म्हणून मी तिला मैदानात ठेवूनच दिलं. समोरच्यानं काय केलं? हल्लाच केला नाही. ही काही करत नाही हे ओळखून तो शांतपणे आपली ताकद दुप्पट, तिप्पट करत बसला आणि मग एका ठोशात माझे पाचही गडी लोळवले. दुसऱ्यांदा त्यानं तिला डिवचलं. डिवचणं ही खरोखरची चाल आहे. त्यानंतर तीन खेळ्या फक्त हल्लाच करता येतो, ना उपचार ना घंटा. तिसऱ्यांदा मी सहाच्या सहा बचाव करणारेच घेतले. ती लढत इतकी लांबली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली. सोसणारा गडी आत किती वेळ थांबतो याला महत्त्व नाही. तो नेमका कधी आत येतो आणि कधी निघून जातो, यात त्याचं कसब आहे.

असल्या गड्यानं मोठा सामना जिंकल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१४ चं. वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा होती. तिथं जोडीनं खेळतात, दोन्हीकडचे दोन-दोन प्राणी एकदम मैदानात. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क या खेळाडूनं संघात पाचिरिसू नावाची एक छोटी पांढरी खार आणली. बघणाऱ्यांना वाटलं गंमत करतोय. पण त्याचा मुख्य आक्रमक होता गॅराडॉस, पाण्यातला प्रचंड सर्प, आणि त्याला विजेचं भय. या खारीकडे एक चाल होती, 'माझ्याकडे बघा'. ती केली की समोरच्यांनी गॅराडॉसवर नेम धरून सोडलेला वारही खारीकडेच वळतो. आणि वीज लागली तर हिला इजा होण्याऐवजी हिचा पाव जीव उलट भरून येतो. म्हणजे त्याच्या मरणाचं जे कारण, तेच हिचं जेवण. पार्क विश्वविजेता झाला. आजही ती खार निघाली की माझा मुलगा कान पकडतो.

ब्लिसीकडेही अशी एक शेवटची चाल आहे. ती स्वतः कोसळते आणि तिच्या जागी येणारा गडी पूर्ण बरा होतो. मुलाला ती फार थोर वाटायची. मला ती आवडत नाही. त्याला सांगितलं, माझ्या लॅपटॉपवर ही चाल खेळायची नाही. का, ते त्यानं विचारलं नाही. माझी आई कशी जगली, हे आपल्या गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे.

एकदा तो हरला. ऑनलाइन संघाची लढत होती, ब्लिसी शेवटी पडली, आणि संघातल्या पोरांनी लिहिलं की तुझ्या ब्लिसीमुळं गेलं. तो जेवला नाही. मी इंजिनिअर, दुसरं काय करणार? ते ज्या संकेतस्थळावर खेळतात तिथं प्रत्येक लढतीची नोंद ओळीनं उतरवून मिळते. मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. कुणी किती नुकसान केलं, कुणी किती सोसलं, किती भरून काढलं, याची बेरीज. नुकसान करण्यात ब्लिसी सर्वांत खाली. सोसण्यात सर्वांत वर, बाकीच्या पाचांची बेरीज केली तरी वर. पोरगं खूश झालं, तक्ता सगळ्यांना पाठवला.

मी मात्र त्या तक्त्याकडे बघत बसले. कारण तोही अपुराच होता. जो वार तिनं घेतला तो तिनं घेतला नसता तर कोण मेलं असतं, ते त्यात नव्हतं. जे घडलंच नाही त्याची ओळ नोंदीत उमटत नाही. माझं कामही अशाच जातीचं आहे. यंत्रणा बंद पडू नये म्हणून रात्री-अपरात्री उठणाऱ्या चमूत मी आहे. एका वर्षी बढतीच्या वेळी मला विचारलं गेलं, "यंदा नवीन काय बनवलंस?" काही बनवलं नव्हतं. काही बंद पडलं नव्हतं, एवढंच. पण ते रडगाणं गायला मी इथं उभी नाही. मला १९९५ बद्दल बोलायचंय.

पंढरपूरचा अंतिम सामना. क्रीडाशिक्षक सर पहिल्या रांगेत आहेत, त्यांना आठवत असेल. शेवटच्या डावात आपली पळती. शेवटची तुकडी आत गेली तेव्हा गुण जवळजवळ बरोबरीत. त्या तुकडीत तिघी होतो. मी पहिल्या अर्ध्या मिनिटात खांबाजवळ बाद झाले, फुकट. दुसरी लगेच माझ्यामागून. राहिली एक. नऊ जणींसमोर ती एकटी पळत राहिली. साखळी काय, मध्येच दिशा बदलणं काय. वेळ संपायला काही सेकंद उरले असताना तिला हात लागला. आपण एका गुणानं हरलो.

परतीच्या गाडीत आपण काय म्हणत होतो ते आठवतंय का? 'हिच्यामुळं गेलं.' मी पण म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आणि उत्कृष्ट आक्रमकाचा पेला माझ्या मांडीवर होता, कारण मी गडी टिपले होते आणि टिपलेले गडी फलकावर लिहिलेले होते. ती किती मिनिटं टिकली, हे फलकावर कुठंच नव्हतं. सर स्टॉपवॉच लावून वहीत लिहायचे, ते मला माहीत होतं. म्हणून गेल्या महिन्यात सरांना फोन केला. सर म्हणाले, ती वही केव्हाच वाळवीनं खाल्ली. माझ्या अंदाजानं ती जवळजवळ चार मिनिटं होती. अंदाजच. नेमका आकडा आता कुणाकडेच नाही.

आता नियम बदलतायत बघा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पुरुषांचा चषकही भारतानंच घेतला, कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचाच. तिथं पळणाऱ्या तुकडीनं ठरलेल्या वेळेपलीकडं तग धरला की तिला गुण मिळतात. 'ड्रीम रन' म्हणतात त्याला. टीव्हीवर पहिल्यांदा तो गुण फलकावर चढलेला बघितला तेव्हा मी उठून उभी राहिले. नवऱ्याला वाटलं, मला काही लागलं.

तीस वर्षांपूर्वी हा नियम असता तर तो सामना आपण जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. समोरच्याही चांगल्या पळत होत्या. पण गाडीत तरी आपण तसं बोललो नसतो.

ती आज आली आहे. खिडकीजवळ बसलीय, तिकडं सगळ्यांनी एकदम वळून बघू नका. दहावीनंतर त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेली, पुन्हा लावली, नंतर खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीनं तीही गेली, तिसऱ्यांदा लावलीय. हे मला तिनं सांगितलेलं नाही, इतरांकडून कळलं.

भाषणात तुझ्याबद्दल बोलू का, असं विचारायला मी सकाळी तिच्याकडे गेले. पेला माझ्या पिशवीत होता, आईच्या कपाटातून काढून आणलेला. सगळं सांगितलं, ब्लिसीपासून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मला तो सामनाच आठवत न्हाई. गाडी वाटेत बंद पडली हुती आन् सरांनी सगळ्यास्नी भजी खायला घातली, एवढंच आठवतंय."

मग पेला हातात घेऊन उलटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्याला कल्हई लावून घे गं. आतनं हिरवा पडलाय."