वेगाची मर्यादा आणि नागरिकांचे कर्तव्य



साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांनी रंगणाऱ्या या व्याख्यानमालेत आम्ही रस्त्यावरील वाहनांच्या वेगाचा रुक्ष विषय निवडला, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु व्याख्यान संपल्यावर आपणां सर्वांना रस्ता ओलांडूनच घरी जायचे आहे. तेव्हा तासभर या विषयाला दिला तर तो वाया गेला असे होणार नाही.

प्रथम या प्रश्नाचे माप पाहू. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सरकारी अहवालात यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदलेले आहे. मृतांमध्ये दुचाकीवरचे लोक ४४ टक्क्यांहून अधिक होते आणि पायी चालणारे ३२,८२५ होते. म्हणजे मोटारीच्या वेगाची किंमत पुष्कळदा मोटारीत न बसलेल्या माणसाला द्यावी लागते. केवळ वेगवान माणसाचेच नुकसान होत असते, तर तो त्याचा खाजगी प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. तसे नाही, म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे.

वेग दुप्पट झाला की धोका दुप्पट होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. वेग दुप्पट झाला की वाहनातील ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोर मूल दिसले, भानावर येण्यास त्याला एक सेकंद लागला आणि ब्रेक उत्तम असले, तर गाडी सुमारे १३ मीटरांत थांबते. वेग ६० असेल तर तीच गाडी थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात. एक सेकंद जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती १७ मीटर पुढे गेलेली असते. दुसऱ्या रीतीने सांगायचे तर ३० च्या वेगाने बसणारी धडक म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणे आणि ६० च्या वेगाची धडक म्हणजे चौथ्या मजल्यावरून पडणे होय. आता या घाईचा लाभ पाहा. दोन किलोमीटरचा मोकळा रस्ता ३० च्या वेगाने चार मिनिटांत संपतो आणि ६० च्या वेगाने दोन मिनिटांत. शहरात ही वाचलेली दोन मिनिटे पुढच्या सिग्नलला उभे राहण्यातच खर्च होतात.

यावर कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने वेगमर्यादा ओलांडण्यास मनाई केली आहे. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० ही कमाल मर्यादा ठरविली. शाळा, बाजार आणि देवळे जिथे रस्त्याला लागून आहेत तिथे ७० ची मर्यादा असणे म्हणजे मर्यादा नसल्यासारखेच आहे. २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात तर माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ३० ही मर्यादा असावी असे म्हटले आहे. परंतु आपल्या कायद्यात वाट आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी याहून कमी मर्यादा ठरविण्याचा अधिकार त्याच कलमाने राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. नागरिकांनी मागणी करावयाची ती नेमकी इथे.

आपल्याकडे मागणी होते ती मात्र गतिरोधकाची. गल्लीत अपघात झाला की लोक जमतात, निवेदन जाते आणि एका रात्रीत डांबराचा ओबडधोबड उंचवटा रस्त्यावर उभा राहतो. त्यावर ना पट्टे, ना अलीकडे फलक! अंधारात त्यावर आपटून दुचाकीवरील मागे बसलेली गृहिणी पडते आणि रुग्णवाहिकेतील रोग्याच्या वेदना वाढतात. वास्तविक गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच लिहून ठेवले आहे. ताशी २५ च्या वेगासाठी तो ३.७ मीटर रुंद आणि केवळ १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडीची चाके हळू चढून हळू उतरतील. दाराशी असलेला गतिरोधक या मापाचा आहे का, हे कोणाही नागरिकाला साध्या फितीने मोजता येईल. गतिरोधक वाईट नाही. परंतु कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून डांबराकडून पोलिसाचे काम करून घेणे, हा त्याचा दुरुपयोग होय.

पुण्याच्या माणसाला या विषयात नवले पुलाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून साताऱ्याकडून येणारी अवजड वाहने लांबलचक उतारावरून नवले पुलाकडे येतात. डिझेल वाचावे म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाचा आवर सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वस्तीत निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने तिथे एकामागून एक कित्येक गाड्या चिरडल्या. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा तसेच घडले आणि या वेळी आठ जणांचे प्राण गेले. दोन्ही वेळा संताप झाला, पाहणी झाली, उपाय जाहीर झाले. परंतु हा दोष एकट्या चालकाच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. डिझेलचा हिशेब मागणारा मालक, उताराची आखणी करणारा अभियंता, महामार्गाला खेटून वस्ती वाढू देणारी यंत्रणा, असे वाटेकरी पुष्कळ आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९८-अ हे कलम घातले. त्यानुसार रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल यांत ठरलेले सुरक्षा-निकष पाळले नाहीत म्हणून मृत्यू वा अपंगत्व आले, तर ठेकेदार आणि संबंधित यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालकाला दंड करणारे कलम आपणां सर्वांना पाठ आहे. हे कलम किती जणांना ठाऊक आहे?

आता दंडाविषयी. याच दुरुस्तीपूर्वी अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्याला ४०० रुपयांपर्यंत दंड होता. हलक्या वाहनांसाठी तो १,००० ते २,००० रुपये झाला. दंड वाढला की शिस्त येईल, असे सरकारला वाटले. परंतु इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच प्रतिपादन केले होते की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणाने नव्हे, तर तिच्या अटळपणाने. शंभर वेळा सुटून एकदा सापडणारा माणस त्या एका वेळेला दुर्दैव समजतो. त्यातून धडा घेत नाही. आणि सापडल्यावर तो काय करतो? ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करतो. ई-चलन आले तर लोकअदालतीत तडजोड होईल या आशेवर ते तसेच पडू देतो. सकाळी आपल्या गल्लीतील भरधाव गाड्यांविरुद्धच्या निवेदनावर सही करणारा गृहस्थ संध्याकाळी दुसऱ्याच्या गल्लीतून त्याच वेगाने जातो! अंमलबजावणी हवी ती दुसऱ्यासाठी, ही आपली खरी अडचण आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पोलीस झाडाआड उभे राहतात, महिनाअखेरीस वसुली वाढते, वजनदार माणसाची गाडी सुटते, अशा तक्रारी आम्ही नेहमी ऐकतो. ज्या कायद्याचा दंड लोकांना वसुली वाटतो, त्या कायद्याचा आदर राहत नाही. म्हणून २०२१ साली केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला तो महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्याच्या टापूपूर्वी तसा सूचनाफलक हवा आणि यंत्र प्रमाणित केलेले हवे, असे तो सांगतो. यातील मर्म असे की, कायद्याला माणूस पकडायचा नसून गाडी हळू करायची आहे. कॅमेरा लपविला तर पैसे मिळतील. कॅमेरा दाखविला तर प्राण वाचतील. शिवाय कॅमेरा चालकाचा हुद्दा पाहत नाही.

हे सारे साधते का, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून कडेच्या धोकादायक जागा झाकल्या, उभ्या ट्रकांना आळा घातला आणि वेगावर पहारा वाढविला. २०१९ साली मृतांचा आकडा ९२ वर आला. ९२ हा समाधान मानण्याजोगा आकडा खचित नाही. परंतु अपघात हा दैवाचा खेळ आहे, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

तात्पर्य, आपल्या हाती तीन गोष्टी आहेत. आपल्या रस्त्याची अधिकृत वेगमर्यादा किती आणि तिचा फलक कुठे आहे, याची लेखी विचारणा करावी आणि ती अधिक असल्यास शाळेचे, दवाखान्याचे कारण देऊन कमी करण्याची मागणी करावी. दुसरे, अपघातानंतर केवळ चालकाचे नव्हे, तर रस्त्याचेही काय चुकले याचा जाब मागावा. आणि तिसरे, जे सर्वांत अवघड आहे, दंड झाला तर ओळख न काढता तो भरावा. पहिल्या दोन मागण्या सरकारकडे आहेत. तिसरी आपली आपल्याकडे आहे आणि ती पुरी केल्याखेरीज पहिल्या दोन करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पुरता मिळत नाही.

रस्ता ही सर्वांच्या मालकीची जागा आहे. तीवर सर्वांत दुबळा कोण, तर पाठीवर दप्तर घेतलेले मूल आणि काठी टेकीत चाललेला म्हातारा. त्यांना निर्धास्तपणे पलीकडे जाता येईल इतका वेग, हीच शहरातील वेगाची खरी मर्यादा होय.