एकटीनं जायचं, पण कुठं?

वयाची चोपन्न वर्षं पूर्ण झाली आणि मी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढायला घेतला. चौकशीसाठी घरी आलेल्या पोलीसदादांनी कागद चाळता चाळता सहज विचारलं, "हजला का, मावशी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग मुलगा दुबईला असेल."

"नाही, पुण्याला असतो."

"मग?"

"फिरायला चाललेय. एकटीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या यजमानांकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "पण कुठं?"

या 'कुठं'चं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला मला पुढं सात-आठ महिने लागले. आज तुम्हाला त्या शोधाचीच गोष्ट सांगायची आहे.

मी प्रवास केलेलाच नाही, असं नाही. पण एकदा हिशेब मांडायला बसले, तेव्हा लक्षात आलं की माझ्या प्रत्येक प्रवासाला काही ना काही निमित्त होतं. मालेगावला लग्नाला, बऱ्हाणपूरला मयतीला, धुळ्याला वहिनीच्या बाळंतपणाला, मुंबईला सासूबाईंच्या ऑपरेशनला, सोलापूरला संमेलनात कविता वाचायला. शाळेच्या सहलीसोबत अजिंठ्याला तर किती वेळा गेले! पण तिथं माझं काम लेणी पाहायचं नव्हतंच, मुलं मोजायचं होतं. बसमधून उतरताना चाळीस, लेण्यात शिरताना चाळीस, बाहेर पडताना चाळीस. बुद्धाच्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहावं, तर तेवढ्यात कुणाला तरी तहान लागलेली असायची.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी आठवण सांगते. माझं माहेर जळगावचंच, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे तेव्हाही रेल्वेनं जळगावला उतरायचे आणि पहूर-फर्दापूरच्या वाटेनं पुढं जायचे. मी आठवीत असेन. एसटी स्टँडवर लिंबाच्या झाडाखाली एक गोरी बाई पिशवीला टेकून केळी खात बसली होती. केस पांढरे, वय पन्नाशीच्या पुढचं. तिच्यासोबतचं माणूस कुठं दिसतं का, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. शाळेतल्या इंग्रजीचा सगळा धीर गोळा करून मी विचारलं, "अलोन?" ती हसली आणि म्हणाली, "यस, अलोन." आणि मला एक केळ दिलं.

माझ्या घरापासून साठ किलोमीटरवर असलेली, मी स्वतः तोवर न पाहिलेली जागा पाहायला ही बाई पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून एकटी आली होती. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला नाही, कारण आपणही असं काही करू शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं. हेवा वाटायला चाळीस वर्षं जावी लागली.

तर, कुठं जायचं? मी विचारायचा अवकाश, सल्ले यायला लागले. भाचा म्हणाला, "खाला, दुबईला या, घर आहे." घर आहे, हीच तर अडचण. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटत असेन, हे मला ठाऊक होतं. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, "मॅडम, फक्त बायकांची सहल निघते, युरोपला. जेवण आपलं असतं." मला ते पसंतही पडलं होतं. पण चाळीस बायकांच्या घोळक्यात उभी राहिले, तर सवयीनं मीच मोजायला सुरुवात करेन अशी भीती वाटली. कुणी मॉरिशस सुचवलं. एकोणिसाव्या शतकात आपली मराठी माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला तिथं गेली, त्यांच्या वंशजांनी भाषा जपली. पण तिथं मी पाहुणी कवयित्री झाले असते. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. सुट्टी कुठली?

एक नाव मात्र बरेच दिवस मनात रेंगाळलं, ते समरकंदचं. फारसी-उर्दू शायरीतून ते नाव लहानपणापासून कानावर आहे. घरात कुणी सुंदर काही पाहिलं, की आजोबा समरकंदचा दाखला द्यायचे. आजोबा स्वतः भुसावळच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते. मी नकाशा उघडला, विमानं पाहिली, तिथल्या थंडीची चौकशी केली. मग वाटलं, हे आजोबांचं स्वप्न आहे, माझं नाही. मुसलमान कवयित्री म्हटलं की समरकंदला जाणं शोभून दिसतं, एवढंच.

धुळ्याच्या भाईजानांचा सल्ला सगळ्यांत वजनदार होता. ते म्हणाले, "पहले फर्ज, फिर सैर." आधी हज, मग काय फिरायचं ते फिर. हे बोलणं मी उडवून लावलं नाही. ऐपत असलेल्या मुसलमानावर हज बंधनकारक आहे, आणि मलाही जायचं आहे. 2018 पासून पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना, घरचा पुरुष सोबत नसला तरी, चौघींचा गट करून हजला जाण्याची मुभा आपल्याकडे मिळाली. आम्ही चौघी मैत्रिणींनी तसं ठरवलंही आहे, त्याचे पैसे पोस्टात वेगळे आहेत. भाईजान म्हणाले, "मग आता उमरा करून ये. इबादतही होईल, फिरणंही होईल."

नेमकं इथं माझं मन अडलं. इबादतीला सहल म्हणणं मला जमत नाही. तिथं मान खाली घालून जायचं असतं, आणि मला एकदा तरी मान वर करून चालायचं होतं. एका प्रवासाच्या पोटात दुसरा लपवला, तर दोन्हींवर अन्याय होतो. भाईजानांना हे पटलं नाही. महिनाभर त्यांनी फोनवर फक्त तब्येतीची चौकशी केली.

उत्तर शेवटी सापडलं ते घराजवळच. दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच एसटीनं अजिंठ्याला गेले. मोजायला कुणी नव्हतं. सतराव्या लेण्यात शिरले आणि उजव्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले. तिथं सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. समुद्रात त्याचं गलबत फुटतं, तो आणि त्याचे सोबती राक्षसिणींच्या बेटावर जाऊन पडतात. उडणारा एक घोडा त्याला तिथून सोडवून आणतो. पुढं तो राजा होतो आणि सैन्य घेऊन त्या बेटावर परत जातो. नावांमध्ये चक्क हत्ती उभे आहेत! त्या बेटाला त्याच्याच नावावरून सिंहलद्वीप म्हणू लागले, अशी ती कथा. म्हणजे श्रीलंका. समुद्रापासून इतक्या दूर, वाघूर नदीच्या या डोंगरात, दीड हजार वर्षांपूर्वी कुणी तरी लंकेचा प्रवास रंगवून ठेवला होता, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून आजवर पाण्याच्या बाटल्या वाटत आले होते.

घरी येऊन वाचायला लागले. श्रीलंकेत सिगिरिया नावाचा एक प्रचंड खडक आहे, दोनशे मीटरच्या आसपास उंच. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजानं त्याच्या माथ्यावर महाल बांधला. त्याची कारकीर्द 477 ते 495. त्या खडकाच्या कुशीत रंगवलेल्या स्त्रिया आहेत, आणि अभ्यासक त्यांची तुलना नेहमी आपल्या अजिंठ्याशी करतात. सतराव्या लेण्याचा काळही साधारण तोच, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. सिगिरिया 1982 साली जागतिक वारसा यादीत गेलं आणि अजिंठा 1983 साली. या दोघी बहिणीच म्हणायच्या.

पण माझं मन जिंकलं ते चित्रांनी नाही, एका भिंतीनं. त्या चित्रांच्या खालच्या वाटेवर गिलाव्याची एक भिंत आहे. ती इतकी घोटलेली होती, की तिला आरशाची भिंत म्हणतात. राजा गेला, महाल ओस पडला, आणि पुढची कित्येक शतकं लोक तो खडक पाहायला येत राहिले. आले, चित्रं पाहिली आणि त्या भिंतीवर कविता कोरून गेले. परणवितान नावाच्या श्रीलंकेच्या विद्वानानं त्यांतल्या 685 कविता वाचून 1956 साली प्रसिद्ध केल्या. बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या. लिहिणारे भिक्षू होते, सैनिक होते, साधे प्रवासी होते, आणि बायकाही होत्या.

विचार करा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 1819 साली आपलं नाव कोरलं, त्याची गोष्ट आपण पुस्तकात वाचतो. भिंतीवर नावं कोरणाऱ्या मुलांचे कान तर मी स्वतः पिळलेत. आणि इथं हजार-बाराशे वर्षांपूर्वी एखादी बाई डोंगर चढून जाते, चित्र पाहते आणि चार ओळी लिहून घरी परतते. ती का गेली होती, कुणाच्या लग्नाला की मयतीला, हे भिंतीवर नाही. पाहायला गेली, पाहिलं, लिहिलं. एवढं कारण पुरलं.

आता तिथं कुणाला लिहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मला फक्त त्या भिंतीसमोर उभं राहायचं आहे.

ठिकाण ठरल्याचं सांगितलं, तसे मुलाचे फोन सुरू झाले. "अम्मी, तिथं बरं आहे का?" त्याची काळजी खोटी नव्हती. त्या देशानं सव्वीस वर्षांचं युद्ध सोसलं, ते 2009 साली संपलं. 2019 च्या ईस्टरला चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली. ते घडवणारे माझ्याच धर्माचं नाव घेणारे होते. 2022 साली पेट्रोल आणि औषधांसाठी रांगा लागल्या. हे सगळं वाचून मी दोन रात्री जागले. माझं नाव वाचून कुणाची भुवई वर जाईल का, हा प्रश्नही मनात आला. मग वाटलं, हा प्रश्न मनात यायला लंकेला जावं लागत नाही. तिथं दर दहा माणसांत सुमारे एक मुसलमान आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा तमिळ आहे. मला इथं पस्तीस वर्षं विचारतात, "मुसलमान असून मराठीत कसं लिहिता?" त्यांनाही कुणी तरी असंच काही विचारत असेल. त्यांच्यासोबत एक कप चहा घ्यायला आवडेल.

आता एक कबुली. श्रीलंकेत एक उंच शिखर आहे, त्यावर पावलाचा ठसा आहे. बौद्ध तो बुद्धाचा मानतात, हिंदू शंकराचा, आणि मुसलमानांच्या श्रद्धेनुसार तो बाबा आदमचा. चौदाव्या शतकात इब्न बतूताही तिथं चढून गेला होता. हे वाचलं आणि माझ्या मनात लबाडी आली. भाईजानांना सांगून टाकावं, की जियारतीला चाललेय! सगळ्यांची तोंडं एका क्षणात बंद झाली असती. फोन हातात घेतलाही. मग खाली ठेवला. माझे गुडघे त्या शिखराच्या हजारो पायऱ्या चढणार नव्हते, आणि चढले असते तरी ते कारण खरं नव्हतं. पुन्हा एकदा निमित्ताच्या पदराआड लपूनच घराबाहेर पडायचं असेल, तर पासपोर्ट कशाला काढला?

मी भाईजानांना फोन केला आणि खरं तेच सांगितलं. एक भिंत पाहायची आहे, म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथं पोहोचलीस की फोन कर. रोज कर." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र घरातच होता. आमचे यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. सल्ले देणाऱ्यांच्या गर्दीत ते एक शब्द बोलले नव्हते. एका रात्री जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मी नको का?"

श्रोतेहो, याचं उत्तर देणं मला जड गेलं. तुम्ही नको आहात असं नाही, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "तुम्ही तीस वर्षं रोज गावाला गेलात. रोज संध्याकाळी परत येऊन सांगितलंत, आज अमुक माणूस भेटला, आज चोपड्याच्या रस्त्यावर असं झालं. मी ऐकत आले. एकदा मला जाऊन येऊ द्या. एकदा तुम्ही ऐका."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून त्यांची जुनी, खाकी पट्ट्याची बॅग काढून त्यांनी ती पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे. विमानात मात्र पूर्ण पडेल."

येत्या फेब्रुवारीत जातेय. आठ दिवस, मुक्काम तीनच: कोलंबो, सिगिरिया आणि कँडी. घाईनं दहा ठिकाणं पाहायची नाहीत. जळगावहून मुंबई गाठायला रेल्वेला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात मुंबईहून कोलंबो येतं. इतक्या जवळ जायला मला चोपन्न वर्षं लागली, याचं आता हसू येतं.

तिकीट हातात आलं, तेव्हा यजमानांनी ते चष्मा लावून नीट तपासलं. जुनी सवय. मग स्वयंपाकघराच्या दारावर बोटानं दोनदा टकटक केली. एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी दिली तर गाडी थांबते, आणि डबल बेल दिली की निघते, हे आपल्याला माहीतच आहे.