जीपचे नवे टायर

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या घरापुढे एक जुनी जीप उभी असते. मागे एका पावसाळ्यात बस्तरकडे जाताना केशकालच्या घाटात ब्रेक दाबला, आणि गाडी दरीच्या बाजूस हातभर घसरली. मागे मुले बसली होती. टायरांची नक्षी तर शाबूत होती! मग कडेवरचे चार आकडे वाचले : २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी उरली होती. रबर मात्र वयाने कडक झाले होते.

दुकानदाराने खोल खाचांचे, खास चिखलाचे टायर पुढे केले. छत्तीसगढची काळी कन्हार माती चाकाला लिंपून बसते. ती झटकण्यास रुंद खाचा हव्यात, हे खरे. परंतु माझा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावरचा. तेथे असे टायर गोंगाट करतात आणि ओल्यात पकडही कमी देतात. म्हणून दोन्ही वाटांना चालणारे टायर घेतले. मूळ मापाचे, आणि चारही एकदम. कारण चारही चाके जोडून गाडी चालवताना पुढची-मागची असमान असली, तर गिअरांवर ताण पडतो.

खर्च मोठा झाला खरा. परंतु घाटातील ते हातभर अंतर आठवले की तो स्वस्त वाटतो. तेव्हा नक्षी पाहण्याआधी तारीख वाचावी, एवढीच विनंती.