क्रँक घेण्याआधी तीन मापं

(मंडळाच्या सायकल-दुरुस्ती कार्यशाळेतील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांनी तिकडे काळी सायकल दामटली आहे. पायडल खटखटायला लागलं की दुकानदार जुनी कॉटर ठोकून काढायचा, नवी बसवायचा, की आपण निघालो! क्रँक कोणता, ॲक्सल कुठला, असं कुणी विचारत नसे. इकडे मात्र आपण जुनी सायकल घेतो, इंटरनेटवरून स्वस्तात क्रँक मागवतो आणि तो बसत नाही. बसला नाही तर परवडलं; बसल्यासारखा वाटला, तर मात्र धोका. म्हणून तीन गोष्टी आधी तपासा.

पहिली, फ्रेम. दोन्ही क्रँकच्या मधे फ्रेमचं जे आडवं नळकांडं असतं, त्यात बॉटम ब्रॅकेट, म्हणजे ॲक्सल आणि बेअरिंग, बसतं. ब्रिटिश पद्धतीत त्याच्या आट्यांचं माप १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथला कप काढायला पाना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचा. इटालियन फ्रेमचे आटे ३६ मिलिमीटरचे आणि दोन्हीकडे सुलटे. दोघांचा अगदी छत्तीसचा आकडा! नळकांड्याची रुंदीही मोजा. ब्रिटिश पद्धतीत ती बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते, इटालियनमध्ये ७०.

दुसरी, ॲक्सलचं टोक. चौकोनी टोकात दोन जाती आहेत: जपानी जेआयएस आणि आयएसओ. दोन्हींचा उतार २ अंशांचाच, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही. पण आयएसओचं टोक बारीक. आयएसओ क्रँक जेआयएस ॲक्सलवर सुमारे साडेचार मिलिमीटर बाहेरच अडतो. उलट जेआयएस क्रँक आयएसओ ॲक्सलवर जास्त आत जातो आणि बोल्ट क्रँकऐवजी ॲक्सलच्या टोकावरच टेकू शकतो. हाताला बोल्ट घट्ट लागतो, क्रँक मात्र ढिलाच. मग पोलादी ॲक्सलवर ॲल्युमिनियमचं भोक झिजत जातं आणि एखाद्या चढावर, पायडलवर उभ्या राहिलेल्या आपल्या पोराच्या पायाखालून क्रँक निसटतो.

नव्या क्रँकना बहुधा ॲक्सल जोडलेलाच येतो. शिमानोच्या हॉलोटेक टूचा २४ मिलिमीटरचा, स्रॅमच्या डबचा २८.९९. बेअरिंग त्या मापाचंच हवं. उन्नीस-बीस चालत नाही.

तिसरी, चेनची रेषा, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हीलच्या मध्यापर्यंतचं अंतर. चेनव्हील दोन असतील तर दोन्हींच्या मधोमध मोजा. रोड सायकलला ते साधारण ४३.५ मिलिमीटर असतं. ॲक्सल आखूड पडला तर चेनव्हील फ्रेमला घासतं. लांब झाला तर चेन तिरकी धावते आणि लवकर झिजते. चौकोनी ॲक्सल किती लांबीचा हवा, ते क्रँकच्या कंपनीच्या तक्त्यात बघा.

तर मंडळी, आटे नि रुंदी, टोकाची जात आणि ॲक्सलची लांबी कागदावर लिहा, आणि मगच पाकीट उघडा. बसवल्यावर पहिली चक्कर स्वतः मारा, क्रँक हलवून बघा, मग सायकल मुलांच्या हातात द्या.