किनाऱ्यावरची वाढ



सागरी मासेमारीवरची ही परिषद बंगळूरच्या येलहंक्यात कशासाठी, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर याच शहरात आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला एक लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वादळाचा इशारा मोबाइलच्या टप्प्यापलीकडे पोहोचवणारे ते यंत्र इथे मुख्यालय असलेल्या इस्रोचे आहे. आणि मालपे, मंगळूरहून निघालेला बर्फातला बांगडा खातो कोण? आपणच. दर्याशी आपला संबंध ताटापुरता राहू नये, म्हणून मी बोलतो आहे.

2023-24 मध्ये भारताने सुमारे 17.8 लाख टन मत्स्योत्पादने निर्यात केली, साठ हजार कोटींहून अधिक किमतीची. याचा अभिमान मलाही आहे. पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश पैसा गोठवलेल्या कोळंबीचा, आणि ती कोळंबी बहुतांश आंध्रसारख्या राज्यांतल्या तळ्यांत वाढलेली, व्हेनामी जातीची. समुद्राचा आकडा निराळा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2012 मध्ये देशाच्या किनाऱ्यावर 39 लाख टनांहून अधिक मासळी उतरली. 2023 मध्ये 35 लाखांच्या आसपास. या काळात इंजिने मोठी झाली, जाळी लांबली, डिझेलचा खर्च वाढला. मासळी मात्र वाढली नाही.

त्यातही तारली, लहान बांगडा आणि जाळ्यातली पिल्ले फिशमीलच्या कारखान्यात जातात. तिथे होणारे माशांचे कूट कोळंबीच्या खाद्यात मिसळते. म्हणजे तळ्यातल्या ज्या वाढीचे आपण कौतुक करतो, तिच्या पोटात समुद्रच आहे.

समुद्रावरचा हा ताण अचानक आला नाही. 1952 च्या करारानंतर केरळात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक नौका आल्या. कोळंबीला परदेशात भाव मिळाला, तसे ट्रॉलर वाढले. सत्तरच्या दशकात गोवा-कर्नाटकात अख्ख्या थव्याला वेढणारी पर्ससीन जाळी आली. आपल्या पारंपरिक मच्छीमारांनी तेव्हापासून सांगितलेले धोके आपण फार उशिरा ऐकले. महाराष्ट्राने सागरी मासेमारीचा कायदा 1981 मध्ये केला, पर्ससीनवर कडक निर्बंध यायला 2016 उजाडले. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याची पिल्ले मात्र अजून बाजारात दिसतात.

माझे म्हणणे एवढेच, की या धंद्याची पुढची वाढ किनाऱ्यावर व्हावी. रत्नागिरीत राणी माशासारख्या कमी भावाच्या मासळीपासून सुरिमी हा माशाचा लगदा होतो, म्हणजे प्रक्रियेने भाव चढतो. पण तो पैसा कोणाच्या हाती जातो? मुंबईतल्या 1875 च्या ससून डॉकवर आजही बायका बर्फात हात घालून कोळंबी सोलतात. अर्नाळ्याला, वर्सोव्याला वलांडीवर बोंबील वाळवणाऱ्या कोळणीला अवकाळी पावसाची एक सर पुरते. सगळा माल काळा पडतो. निर्यातीच्या तक्त्यात या बायकांची नोंद कुठेच नसते.

म्हणून या परिषदेने तीन ठराव करावेत, असे मी सुचवतो. मच्छीमार संस्थांना नव्या नौकेआधी बर्फ कारखाना आणि शीतगृह यांसाठी कर्ज मिळावे. आच्छादित, सौर वाळवण ओटे मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या नावावर व्हावेत. आणि कोळंबी सोलणारीला ठरलेली मजुरी, हातमोजे, स्वच्छतागृह व विमा मिळाल्याशिवाय कोणत्याही प्रक्रिया केंद्राला सरकारी अनुदान देऊ नये.